लग्नात वाजवायचं काय? सनई, बँजो, डॉल्बी की गाण्यांची मैफल

सई_सांगली
धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा, दुपारी साडेबाराचा. आम्ही सांगलीचे, मुलगी उरणची, आगरी. लग्न इथे सांगलीत कार्यालयात, हळद दोन्ही घरी आपापली, आणि आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन झाल्यावर मुलांना 'संगीत', म्हणजे नाचगाण्याचा कार्यक्रम हवाय. माणसं साधारण ४००.

घरात सध्या रोज रात्री जेवणानंतर हाच विषय असतो. बाबांना सनई-चौघडा हवा, तोही प्रत्यक्ष वाजवणारे. मोबाइलवरून स्पीकरला जोडलेली सनई त्यांना चालणार नाही. भावाच्या मित्रांना वरातीला डॉल्बी हवी. आत्याला बसून ऐकायची भावगीतांची मैफल हवी. आईचं म्हणणं, हळदीला बायकांनी जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात. मुलीकडच्यांचं एकच सांगणं: हळदीला बँजो नसेल तर ती हळद कसली!

गाणंबजावणं, साऊंड, लाइट सगळं मिळून दीड लाखाच्या आत बसवायचंय. माझं स्वतःचं मत सांगते. लग्नात वर्षानुवर्षांनी भेटलेली माणसं एकमेकांशी बोलू शकली पाहिजेत. मागच्या वर्षी एका लग्नात मावशीशी खुणांनी बोलून परत आले, तसं इथे व्हायला नकोय. तुमच्याकडे काय केलंत, काय जमलं, काय फसलं, सविस्तर सांगा.

नानाकाका
अभिनंदन! बाबांच्या बाजूने माझं मत. पण सनई घ्याल तर पूर्ण संच घ्या. दोन सनया, एक सूर धरणारा आणि एक चौघड्यावर, अशी चार माणसं. पैसे वाचवायला कुणीकुणी एकच सनईवाला आणि सूरपेटी घेतात, पण मग सनई पोरकी वाटते. मुख्य वादक श्वास घ्यायला थांबतो तेव्हा साथीची सनई ती जागा भरते, खरी गंमत तिथे आहे.

दुसरं, वेळेप्रमाणे राग वाजवायला सांगा. सकाळी देवक बसवताना भैरव, रामकली. नऊ-दहाला तोडी किंवा देशकार. तुमचा मुहूर्त साडेबाराचा म्हणजे वृंदावनी सारंग अगदी चपखल बसतो. पंगती उठेपर्यंत भीमपलास. पाठवणीला भैरवी, ती कुठल्याही वेळी चालते. चांगल्या वादकाला हे सांगावं लागत नाही, पण यजमानाला ऐकायचंय हे कळलं की तो खुलतो. नाहीतर सकाळपासून सिनेमाची गाणी वाजवत बसतो, कारण गेल्या दहा लग्नांत त्याला तीच सांगितलेली असतात.

उनाडपाऊस
एकच सल्ला. घोडा आणि डॉल्बी एकाच वरातीत आणू नका. आमच्या मामाच्या वरातीत पहिला ठोका पडला आणि घोडा वळला तो थेट मालकाच्या दारात जाऊन थांबला. मामा वरच होता. मामी आजही विचारते, "तेव्हा पळून चालला होतात का?"

रानफूल
@उनाडपाऊस 😂😂

कानसेन
मी साऊंडच्या धंद्यात आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

कार्यालयांची मुख्य अडचण गाणं कुठलं ही नसते, हॉल असतो. खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा, बाजूला काचा. आवाज टाकला की तो चारी बाजूंनी आपटून परत येतो. कुणाचंच बोलणं कळत नाही म्हणून माणसं मोठ्याने बोलतात, मग साऊंडवाला आणखी चढवतो. तासाभरात सगळ्यांचे घसे बसलेले असतात. याला उपाय मोठे स्पीकर नाहीत. स्टेजच्या दोन बाजूंना दोन राक्षस उभे करण्यापेक्षा हॉलभर सहा-आठ लहान स्पीकर लावा आणि प्रत्येकाचा आवाज कमी ठेवा. मागच्या रांगेला मंगलाष्टकं स्पष्ट ऐकू येतात आणि पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसत नाहीत. स्टेजमागे जाड पडदे लावले, खाली गालिचा टाकला तरी खूप फरक पडतो. सजावटवाल्याला सांगून ठेवा, तो तसेही पडदे लावणारच असतो.

आता आकडे. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाच्या सुरक्षिततेची नेहमी वापरली जाणारी मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. वरातीत डॉल्बीपुढे नाचणारी पोरं याच्या वर असतात आणि दोन-दोन तास असतात. तिसऱ्या दिवसापर्यंत कानात शिट्टी वाजत राहते, ती थकव्याने नव्हे.

आणखी एक. साऊंडला आणि लाइटिंगला विजेची वेगळी लाइन मागा. एकाच लाइनवर दोन्ही टाकलं की स्पीकरमधून घुंईऽऽ सुरू होते आणि ती दिवसभर थांबत नाही.

वरातीचा_राजा
कानसेन, तुमचं बरोबर असेल, पण लग्न म्हणजे वाचनालय नव्हे. वरातीत नाचलो नाही तर मित्राचं लग्न लागलं असं वाटतच नाही. आमच्याकडे वर्षभर शेतात, कारखान्यावर राबणारी पोरं आहेत. त्यांना मोकळं व्हायला गणपती आणि मित्रांची लग्नं एवढंच असतं. तेही "आवाज कमी करा" म्हणून काढून घेतलं तर उरलं काय? सईताई, भावाच्या मित्रांचं मन मोडू नका. लग्नात राबतात तीच पोरं. पंगती वाढणार तीच, पाहुण्यांना स्टँडवरून आणणार तीच.

कानसेन
@वरातीचा_राजा, नाचू नका असं मी म्हटलं नाही. नाचायला ठेका लागतो. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हलगी-घुमक्यावर नाचता येत नाही असं सांगू नका. हलगी, घुमकं, कैताळ (झांजा) एवढ्यावर अख्खी गल्ली नाचते. विजेची तार नाही, जनरेटर नाही, ट्रॅक्टर नाही. आणि शंभर पावलं पुढे गेलं की मागच्या घरातल्या आजारी माणसाला झोपता येतं.

वरातीचा_राजा
हलगी चालेल. हलगी असेल तर मी माघार घेतो. वरात निघायच्या आधी वाजवणारे रस्त्याकडेला कागद, काटक्या पेटवून हलगी शेकतात ना, कातडं ताणलं जायला, मग बोटाने टिचकी मारून बघतात. तो 'टण्ण' आवाज आला की आमचे पाय तिथेच उचलायला लागतात.

दर्यावर्दी
मी पेणचा, आगरी. सईताई, तुमच्या होणाऱ्या वहिनीकडच्या हळदीबद्दल दोन शब्द, कारण बाहेरच्यांना तिच्यातला फक्त आवाज दिसतो.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाच्या बरोबरीचा सोहळा. अख्खा गाव येतो, रात्रभर जेवणं चालतात आणि बँजो पार्टी असते. बँजो म्हणजे परदेशी सिनेमात गळ्यात अडकवून वाजवतात तो नव्हे. हा बुलबुलतरंग, मूळ जपानी वाद्यावरून आलेला. एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्या हाताने नखीने तारा छेडायच्या. चांगला बँजोवाला कोळीगीत असं वाजवतो की शब्दांची गरज राहत नाही. सोबत ढोलकी, ताशा, कच्छी ढोल, हल्ली पॅड. त्याला गोंगाट म्हणू नका ही विनंती.

पण मला सांगायचंय ते धवल्याबद्दल. हळदीच्या आणि लग्नाच्या विधींना आमच्याकडे धवलारीण असते. वयस्कर बाई, तिच्या तोंडी शेकडो ओळी. वाद्य काही नाही. एक ओळ ती म्हणते, मागून दुसऱ्या बाया उचलतात. सूर फार वरखाली होत नाही, एकाच चालीवर शांतपणे पुढे जात राहतो. देवांना आवतण द्यायचं गाणं वेगळं, मांडवाचं वेगळं, हळद लावायचं वेगळं. माझ्या आजीच्या वेळी धवलारीण म्हणत असताना मांडवात कुणी मोठ्याने बोलत नसे. आता ती कोपऱ्यात बसून म्हणत असते आणि दहा फुटांवर साऊंड टेस्टिंग चालू असतं: चेक चेक, हॅलो हॅलो. गावागावांतून धवलारणी कमी होत चालल्यात, त्यांच्या मुली-सुना शिकत नाहीत, कारण ऐकणारंच कुणी नाही.

तर माझी मागणी अशी. तुम्ही मुलाकडचे आहात, तुमच्या शब्दाला मान असतो. वहिनीच्या घरी आपणहून म्हणा, "आम्हाला धवला ऐकायचाय, तेवढा वेळ बँजो थांबवाल का?" बघा त्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना काय वाटतं ते. मग धवला झाला की बँजो दणकून वाजू दे, तुम्हीही नाचा.

सई_सांगली
दर्यावर्दी, हे मला काहीच माहीत नव्हतं. फार मोलाचं सांगितलंत. वहिनीला लगेच फोन केला. तिची चुलत आजीच धवलारीण आहे म्हणे! लग्नात त्यांना घेऊन यायचं का हे कुणी विचारलंच नव्हतं.

माहेरवाशीण
वा, हे वाचून अंगावर काटा आला. लग्नगीतांची परंपरा आपल्याकडे केवढी जुनी आहे बघा. मराठीतली आद्य कवयित्री मानतात ती महदाइसा, तेराव्या शतकातली. तिचे 'धवळे' म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणीच, महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून रचलेली. म्हणजे आपल्या पहिल्या कवयित्रीने लिहिलं ते लग्नात म्हणायचं गाणं!

आता ओव्यांचं. सई, तुझ्या आईला सांग की म्हणणाऱ्या उरल्या नाहीत असं नसतं, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. नणंदेच्या लग्नात घाणा भरायच्या दिवशी आम्ही जातं बाहेर काढलं, सुपलीत हळकुंडं घेतली आणि गावाकडच्या दोन काकूंना जात्याशी बसवलं. सुरुवातीला "आम्हाला कुठं येतंय" म्हणाल्या. जात्याच्या खुंट्याला हात लागला, दोन फेरे झाले आणि पहिली ओवी आली, मग थांबायला तयार नाहीत. ओवी जात्याच्या गतीवर चालते, खुर्चीवर बसून माइक हातात दिला तर त्या बायकांना सुचत नाही. म्हणून जातं खरं हवं, शोभेचं थर्मोकोलचं नको. आम्ही आदल्या महिन्यात मोबाइलवर त्यांच्या ओव्या रेकॉर्ड करून, लिहून, दहा-बारा जणींना पाठवल्या होत्या. त्यामुळे मागून धरायला तरुण मुली होत्या.

झुळूक
थर्मोकोलचं जातं!! आमच्या इथल्या सजावटवाल्याच्या यादीत ते आहे. सोबत थर्मोकोलची बैलगाडीपण.

वैदर्भी
आमच्या नागपूरकडे वरातीला धुमाल पार्टी. गाडीवर ड्रम, सिंथ, सगळं लादलेलं आणि वाजवणारे इतके तयार की दोन तास ठेका हलत नाही. खेड्यात अजून डफडं. माझा अनुभव असा की रस्त्यावरच्या वाद्याची सुपारी देताना तीन गोष्टी कागदावर घ्या: किती माणसं येणार, किती तास वाजवणार, जेवणाची सोय कुणाची. आमच्याकडे बाराजण ठरले होते, आले सात. इसार आधीच दिलेला. भांडण करायला वेळ नव्हता, नवरदेव गाडीत बसलेला.

वकीलसाहेब
कायद्याचं थोडक्यात सांगतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंद सभागृहात आतल्या आत चालतो, पण त्याचा त्रास हद्दीबाहेर जाता कामा नये. दिवसासुद्धा स्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. सणासुदीला १२ वाजेपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं, ती तुमच्या लग्नाच्या तारखेसाठी नसते. "आमची ओळख आहे" म्हणणाऱ्या डॉल्बीवाल्यावर विसंबू नका, गुन्हा यजमानावरही होतो. वरातीच्या रस्त्याची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी घ्या.

आत्मा_शांत
वकीलसाहेब, गाण्यांच्या लायसन्सचं काय? चुलत बहिणीच्या रिसेप्शनला हॉटेलवाल्याने ऐन वेळी कागद मागितला. म्हणे, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचं लायसन्स आणा नाहीतर डीजे लावू देणार नाही. काकांनी घाबरून पैसे भरले.

वकीलसाहेब
कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए). धार्मिक समारंभात गाणं वाजवणं हे कॉपीराइटचं उल्लंघन नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ धरलेले आहेत. केंद्राच्या संबंधित विभागाने २४ जुलै २०२३ ला जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. ती सूचना छापून जवळ ठेवा. मात्र समारंभ खरोखर लग्नाशी जोडलेला हवा, लग्नाच्या नावावर तिकीट लावून पार्टी केली तर नाही.

मांडवीकाठ
गोव्यात यावरून बरीच लढाई झाली. सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या सवलतीबद्दल परिपत्रक काढलं, कंपन्या कोर्टात गेल्या आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये परिपत्रक रद्द केलं. कायद्यातलं कलम आहे तसंच आहे. पण हॉटेलवाले त्यामुळे पुन्हा बिचकतात. म्हणून हॉल बुक करतानाच लेखी विचारा: लायसन्सची मागणी करणार का, कधी, कुणाच्या नावावर. लग्नाच्या दिवशी स्वागताला उभं राहून कलमं सांगायला कुणालाच जमत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, आमच्या शेजारच्या कॅथलिक घरातल्या लग्नातली एक गोष्ट मला फार आवडते. आदल्या दिवशी रोस, म्हणजे नवऱ्याला-नवरीला नारळाचा रस लावतात, तेव्हा म्हाताऱ्या बायका कोकणीतून गाणी म्हणतात. तुमच्या हळदीचाच भाऊ. लग्नाच्या दिवशी ब्रास बँड, नाच, टोस्ट. पण बँड मधे मधे थांबतो, तेवढ्यात माणसं जेवतात, गप्पा मारतात. सलग पाच तास आवाज, असं कधी नसतं.

सई_सांगली
"बँड मधे मधे थांबतो." हे मी वहीत लिहून ठेवलं.

न्यूजर्सीकर
इथे आमच्याकडे उलटं. डीजेच सर्वेसर्वा. गाणी तोच लावतो, लाइट त्याचेच, सूत्रसंचालन तोच करतो आणि हॉलची वेळ संपली की हॉलवाले दिवे लावतात. वरात पार्किंग लॉटमधून निघते, एक ढोलवाला असतो, आणि अमराठी मित्रच जास्त नाचतात. सनई रेकॉर्डेडच. मुलीच्या लग्नात मी एक केलं: डीजेला एक पानभर लिहून दिलं की कुठल्या विधीला कुठली सनई, किती वेळ, आणि अंतरपाट धरला की पूर्ण बंद. त्याला अंतरपाट काय ते फोटो पाठवून दाखवला. एकदम चोख केलं त्याने. सांगितलंच नाही तर तो बिचारा सप्तपदीला पंजाबी गाणं लावणार, त्याचा काय दोष?

नानाकाका
न्यूजर्सीकर, अंतरपाट धरल्यावर बंद हे फार बरोबर. आपल्या जुन्या मंगलाष्टकातच सांगितलंय की लग्नघटी जवळ आली, वाजंत्र्यांनी फार गलबला करू नये. हे आपण लाउडस्पीकरवर, गलबल्यात म्हणतो!

झुळूक
नाना, मंगलाष्टकांचा विषय काढलाच आहात तर. हल्ली प्रत्येक आत्या, मावशी, काका स्वतः रचून आणतात. आमच्या भाच्याच्या लग्नात अकरा झाली. अंतरपाट धरणाऱ्या दोन्ही मामांचे हात भरून आले, एका मामाने हात बदलला आणि नवरीला नवरा अर्धा दिसला. मुलं हसायला लागली, भटजी घड्याळ बघायला लागले.

माहेरवाशीण
झुळूक, हसून हसून पुरेवाट. पण घरच्यांनी रचलेलं मला आवडतं. एक अट घाला: शार्दूलविक्रीडितात बसलं पाहिजे. १९ अक्षरं, ठरलेले लघु-गुरू. जमवता जमवता निम्मे इच्छुक आपोआप गळतात, आणि जे उरतात ते खरंच म्हणण्यासारखं असतं. नाहीतर "सून मोरे घरात आली" वगैरे कुठल्याही चालीवर ओढून म्हणतात.

कानसेन
मंगलाष्टक म्हणणाऱ्यांची रांग लागते तेव्हा हातात फिरणारा एक माइक पुरे. दोन-तीन चालू ठेवले की शिट्टी वाजलीच. आणि भटजींना कॉलरला लावायचा माइक द्या, हातातला नको. त्यांचे दोन्ही हात कामात असतात. हातातला दिला की ते तो पाटाशेजारी ठेवतात, मग अक्षता पडल्याचा आवाज पावसासारखा येतो आणि मंत्र ऐकूच येत नाहीत.

उनाडपाऊस
आणि भटजी यजमानांना हळूच म्हणतात, "दक्षिणा काढून ठेवा हो," ते मात्र ४०० जणांना ऐकू जातं.

रानफूल
उनाडपाऊसला धाग्यावरून उठवा कुणीतरी, ऑफिसात हसणं आवरत नाहीये.

मेघमल्हार
मला आत्याबाईंची बाजू घ्यायची आहे, कारण मैफलीबद्दल कुणी बोललंच नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मैफल ठेवू नका. पाहुणे प्रवासातून आलेले, बायकांना मेंदी, मुलांची धावपळ. गायक गातो आणि पुढे वेटर फिरतात. गाणाऱ्याचा यापेक्षा मोठा अपमान नाही, मी स्वतः तिथे तबल्याला बसलोय. मैफल करायचीच तर लग्नानंतर सत्यनारायणाच्या संध्याकाळी घरी करा. पन्नास-साठ माणसं, सतरंजी, एक गायिका, पेटी, तबला. खर्च एक चतुर्थांश आणि ऐकणारे सगळे मनाने हजर. आणि सांगली-मिरज म्हणजे तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांचं गाव तुमच्या दारात. तिथे चांगला गाणारा मिळायला अडचण नाही.

दर्यावर्दी
मेघमल्हार, सत्यनारायणाला मैफल हे छान. आमच्याकडे कुणाकुणाकडे लग्नानंतर गोंधळ असतो. संबळ, तुणतुणं, दिवटी. तो मनोरंजन म्हणून धरू नये, कुळाचार आहे. तुमच्याकडे असेल तर त्याचाही खर्च यादीत धरा, लोक तो विसरतात.

सई_सांगली
गोंधळ आहे आमच्याकडे! तुळजापूरची देवी. आई म्हणाली गोंधळी ठरलेलेच आहेत, आजोबांच्या वेळेपासूनचे. पण तुम्ही म्हणता तसं हिशोबात मी धरलाच नव्हता.

पोरगं_पुण्याचं
संगीतबद्दल कोणीच काही बोललं नाही. आमच्या पिढीला तेच हवं असतं. माझ्या लग्नातलं सांगतो. कोरिओग्राफर घेतला नाही. दोन्ही बाजूंच्या भावंडांनी मिळून नाच बसवले, व्हिडिओ कॉलवर. त्यामुळे लग्नाआधीच मुलाकडचे-मुलीकडचे एकमेकांना नावाने ओळखत होते. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटला. एलईडी वॉल घेतली नाही, ते पैसे चांगल्या लाइटला आणि चांगल्या साऊंडला घातले. प्रत्येक नाच तीन मिनिटांच्या आत. ट्रॅक एकाच माणसाच्या लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत. आणि साडेनऊला बंद, दहाची वाट बघायची नाही. मध्ये अर्धा तास वयस्करांचा: आजीने गाणं म्हटलं, सासऱ्यांनी बासरी वाजवली, काकांनी नकला केल्या. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

वरातीचा_राजा
पुण्याच्या पोराशी एकदम सहमत. फक्त "आता नवरा-नवरीने डान्स करायचा" म्हणून ओढू नका. ज्याला नाचायचं नाही त्याला बसू द्या.

वैदर्भी
हे लाख बोललात.

सई_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी बसून असं ठरलं:

उरणच्या हळदीला आम्ही पाच-सहाजण जाणार. धवला आधी, मग बँजो. वहिनीच्या बाबांना विचारलं तर ते फोनवर क्षणभर गप्पच झाले, मग म्हणाले, "आमच्या आईला हे मी स्वतः सांगतो." चुलत आजी सांगलीलाही येणार, अक्षता पडायच्या आधी त्या धवला म्हणतील. त्या वेळी सनई थांबेल, भटजींनी होकार दिलाय.

आमच्या हळदीला जातं गावाहून आणतोय. आईने चार काकूंना फोन केलेत.

संगीत दोन्हीकडच्या भावंडांचं, कोरिओग्राफर नाही, साडेनऊपर्यंत. लग्नाला चार माणसांचा सनई-चौघडा, सकाळी आठपासून पाठवणीपर्यंत, मधे मधे थांबत. वरातीला हलगी-घुमकं, भावाच्या मित्रांनी हलगीवाले स्वतःच शोधून आणले, डॉल्बीचं नाव कुणी काढलं नाही. आत्याची मैफल सत्यनारायणाला. सगळं धरून दीड लाखाला थोडं कमी बसतंय, आणि त्यात सर्वात मोठा आकडा चांगल्या साऊंडचा आहे, कानसेन खूश होतील.

एकच अडलंय. आईला पंगतीत 'विहीण' हे गाणं म्हटलेलं हवंय, जुन्या पद्धतीचं, मुलीच्या आईची मनःस्थिती सांगणारं. आता इथे आम्ही मुलाकडचे, म्हणजे ती म्हणायची वहिनीकडच्यांनी. त्यांच्याकडे ही रीत नाही. मग कुणी म्हणायची?

माहेरवाशीण
आमच्याकडे असंच झालं होतं. तेव्हा मुलाकडच्याच एका मावशीने मुलीच्या आईच्या शेजारी बसून म्हटली, तिच्या वतीने. मुलाच्या आईने पंगतीतून उठून विहिणीचा हात धरला. रीत मोडली असं कुणालाही वाटलं नाही. फक्त माइक नको, आणि वाढप तेवढा वेळ थांबवा. आमच्या घरची विहीण सहा कडव्यांची आहे, चालीसकट रेकॉर्ड करून खासगी निरोपाने पाठवते.

कानसेन
खूश आहे. :) फक्त जनरेटर कार्यालयाच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगा, सनईवाल्यांच्या ओट्याजवळ नको. आणि सनईला माइक लागलाच तर एकच, तीन-चार फूट लांब, दोन्ही सनयांच्या मधे. तोंडाशी लावला की सूर फाटतो.